तणनाशक जमिनीत किती दिवस राहतं? खानापूरचं उत्तर वेगळं, अथणीचं वेगळं

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, दिवाळीच्या आसपास कोबीची रोपं लावली आणि ती जागच्या जागी थांबली. शेंडा पिवळा, नवीन पानं बारीक, उपटून बघावं तर मुळं आखूड. दुकानदार म्हणतो, "औषध कधीच संपलं, हे बुरशीचं आहे." शेजारी म्हणतो, "तणनाशकानं जमीन मेली." बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडे रब्बीच्या तोंडाला ही चर्चा हमखास ऐकू येते आणि दोघांचंही अर्धंच खरं असतं. त्यात सरकारी निर्णयांची भर. मे २०२० मध्ये केंद्रानं २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अॅट्राझिन, २,४-डी, पेंडीमेथालिन, डाययुरॉन ही आपल्या रोजच्या वापरातली नावं होती. शेवटी बंदी यादीतल्या मोजक्याच औषधांवर आली आणि ही चारही नावं बाजारात राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांनीच करावी असा आदेश निघाला. त्यामुळे "हे जमिनीत साठतं का?" हा प्रश्न आता कट्ट्यावरही निघतो.

त्याचं उत्तर डब्यावर छापलेल्या एका आकड्यात मावत नाही. औषध किती दिवस टिकेल हे औषधापेक्षा तुमची माती, तिचा सामू (आंबटपणाचा आकडा, पीएच) आणि फवारणीनंतरची ओल जास्त ठरवते.

फवारलेलं औषध जातं कुठे

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ. एक एकर रानातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. उसात ५० टक्के अॅट्राझिनची पावडर एकरी एक किलो मारली, तर खरं औषध ५०० ग्रॅम. ते या सगळ्या मातीत सारखं मिसळलं असं धरलं, तर किलोभर मातीला अर्धा मिलिग्रॅम येतं. प्रत्यक्षात ते सुरुवातीला वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच असतं, म्हणजे तिथे त्याच्या तिप्पट. सोयाबीनमधल्या इमेझेथापायरचं प्रमाण याहून कितीतरी कमी आहे: १० टक्क्यांचं औषध एकरी ४०० मिली, म्हणजे खरं औषध फक्त ४० ग्रॅम. भातातलं मेटसल्फ्युरॉन-क्लोरीम्युरॉनचं मिश्रण तर एकरी ८ ग्रॅम पावडर, आणि त्यातलं औषध दोन ग्रॅमसुद्धा नाही. इतक्या कमी मात्रेत काम करणारं औषध थोडं उरलं तरी पुढच्या पिकाला भोवतं, हे इथेच ध्यानात घ्यावं.

आता ते कमी कसं होतं? काही भाग उन्हानं तुटतो, काही वाफेनं उडतो. पेंडीमेथालिन वरच्या थरात कोरडं पडून राहिलं तर या दोन्ही वाटांनी जातं, म्हणून ते ओलीवर मारायला सांगतात. काही पावसाच्या लोटाबरोबर ओढ्याला जातं, काही झिरपून विहिरीकडे जातं, थोडं तण आणि पीक शोषून घेतं. बराचसा भाग मातीच्या चिकण कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय भागाला चिकटून बसतो. यातल्या बऱ्याच वाटांनी औषध नुसतं जागा बदलतं. त्याचा रेणूच मोडून दुसरं काहीतरी झालं, तरच ते विघटन.

पॅराक्वाट हे याचं टोकाचं उदाहरण. मातीला लागलं की ते चिकणमातीच्या थरांत इतकं घट्ट अडकतं की दुसऱ्या दिवशी पेरलं तरी पिकाला काही होत नाही. पण ते मोडलेलं नसतं, वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. पिकाच्या दृष्टीनं निकामी, मातीच्या दृष्टीनं शिल्लक. (पोटात गेलं तर पॅराक्वाटवर उतारा नाही. ते पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय जिथे असेल तिथे आजच मोडा.)

मोडतं कोण

मुख्य काम जिवाणू आणि बुरशी करतात. चमचाभर जिवंत मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यातल्या काहींना औषधाचा रेणू म्हणजे कार्बन किंवा नत्राचा घास वाटतो. २,४-डी त्यांना फार आवडतं. ते त्याचं कडं फोडतात आणि शेवटी कर्बवायू, पाणी आणि क्लोराइड उरतं. म्हणून २,४-डी उबदार ओल्या मातीत दहा-बारा दिवसांत निम्मं होतं.

दुसरी वाट रसायनाची. पाणी रेणूवर चाल करून जातं आणि तो दुभंगतो. क्लोरीम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन यांच्या गटात ही वाट मोठी आहे आणि तिचा वेग मातीच्या आंबटपणावर ठरतो. त्याकडे पुढे येऊच.

जिवाणूंचं काम विरजणासारखं आहे. ऊब आणि ओल असली की दही रात्रीत लागतं, गारठ्यात दुसऱ्या दिवशीही पातळच राहतं, आणि विरजणच नसेल तर कितीही वाट बघा. मातीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो. पण ओल नसेल तर ऊब फुकट. एप्रिल-मेमध्ये रायबागची माती हाताला चटका देते, पण ती कोरडी ठणठणीत असते, जिवाणू झोपलेले असतात आणि औषध तसंच थांबतं. "उन्हाळ्यात रान तापलं की औषध जळून जातं" हा समज वरच्या एक-दोन सेंटिमीटरपुरता खरा, खाली नाही.

निम्मं, मग त्याचंही निम्मं

औषध निम्मं व्हायला जितके दिवस लागतात, त्याला अर्धायुष्य म्हणतात. ६० दिवसांचं अर्धायुष्य म्हणजे १२० दिवसांत सगळं संपलं असा अर्थ नाही. ६० दिवसांनी निम्मं, १२० दिवसांनी चौथाई, १८० दिवसांनी आठवा भाग.

संदर्भासाठी भेटणारे मधले आकडे असे: २,४-डी सुमारे १० दिवस, मेट्रिब्युझिन ४०, ग्लायफोसेट ४५ ते ५०, अॅट्राझिन ६०, इमेझेथापायर ६० ते ९०, पेंडीमेथालिन आणि डाययुरॉन ९० च्या आसपास. पण अॅट्राझिनचा ६० हा मधला आकडा आहे. वेगवेगळ्या मातींतल्या नोंदी दोन आठवड्यांपासून आठ महिन्यांपर्यंत पसरलेल्या आहेत. हे आकडे बरेचसे थंड देशांतून आलेले आहेत, आपल्या उष्ण मातीत पाऊस नीट झाला तर औषध याहून लवकर जातं. नीट झाला तर.

सोयाबीनचं गणित मांडू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ४० ग्रॅम इमेझेथापायर पडलं. ऑक्टोबरच्या मध्याला रब्बीची लावण, म्हणजे १०० दिवस. तुमच्या रानात अर्धायुष्य ३० दिवसांचं असेल तर ४ ग्रॅम उरतं, बहुतेक पिकं सहन करतील. तेच ६० दिवसांचं झालं तर १२-१३ ग्रॅम उरतं, आणि तेवढं कोबी, मोहरी, बीट, बटाटा यांना जड जातं. औषध एक, मात्रा एक, तारीख एक, तरी शिल्लक तिप्पट.

आणि बांधाकडे वळताना पंप चालू राहिला, किंवा दोन पट्टे एकमेकांवर चढले, तर तिथे ८० ग्रॅमच्या हिशेबानं औषध पडतं. तो पट्टा बाकी रानापेक्षा बरोबर एक अर्धायुष्य मागे चालतो. रान मोकळं झालेलं असतं, बांधालगतचा पट्टा आणखी दोन महिने अडलेला असतो.

लाल माती, काळी माती

बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की शेतीच बदलते. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. अथणीला पाचशे-साडेपाचशेच्या आसपास. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातली लाल, जांभ्याची माती आंबट, सामू साडेपाच-सहाच्या घरात. अथणी, रायबाग, कागवाडची काळी माती चुनखडीची, सामू आठच्या वर, आणि कृष्णाकाठी पाणी जास्त झालेल्या रानात त्याहूनही पुढे. सामू सातच्या खाली म्हणजे माती आंबट, वर म्हणजे खारी-चुनखडीची. तणनाशकाच्या दृष्टीनं हे जवळजवळ दोन वेगळे देश आहेत.

इमेझेथापायर आंबट मातीत जास्त टिकतं. त्याचा रेणू आंबटपणात बदलतो आणि लाल मातीतल्या लोहाच्या कणांना, चिकणमातीला घट्ट धरून बसतो. धरून बसलेलं औषध पिकाला मिळत नाही हे चांगलं, पण जिवाणूंनाही मिळत नाही, त्यामुळे मोडतही नाही. पुढे ओल वाढली की ते थोडं थोडं सुटत राहतं. पुढच्या हंगामात "आता कुठून आलं?" असं वाटतं ते यामुळे. काळ्या मातीत तेच औषध मोकळं राहतं आणि जिवाणू त्याचा फडशा लवकर पाडतात.

क्लोरीम्युरॉन आणि मेटसल्फ्युरॉनचं नेमकं उलटं. आंबट मातीत पाणीच त्यांचे तुकडे करतं, जिवाणूंची मदत फारशी लागत नाही. सामू सातच्या वर गेला की ही वाट मंदावते आणि सगळी भिस्त जिवाणूंवर येते. म्हणून सोयाबीनमध्ये एकरी १५ ग्रॅम पावडरीतलं क्लोरीम्युरॉन लाल रानात फारसा त्रास देत नाही, पण चुनखडीच्या काळ्या रानात पुढच्या पिकावर त्याचं सावट राहू शकतं. भाताच्या मळ्यांतही ही शंका आधीच काढून टाकावी. बेळगावच्या शहापूर-वडगाव शिवारात भात काढून उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकायची रीत आहे. मसूर या गटाच्या औषधाला फार नाजूक. भातात ते मिश्रण मारलं असेल तर मसूर टाकण्याआधी सामू माहीत हवा.

अॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिनही चुनखडीच्या मातीत अवघड. सामू साडेसातच्या वर असला की ती मातीला कमी चिकटतात, पिकाला जास्त मिळतात, आणि रासायनिक विघटनही मंद होतं. मका काढून लगेच हरभरा, कांदा किंवा भाजी घ्यायची असेल तर अथणीच्या रानात अॅट्राझिनची मात्रा खालच्या टोकाला ठेवावी, एकरी ४०० ग्रॅम पावडरच्या बाजूला, ८०० च्या नाही. मक्यानंतर ज्वारी किंवा ऊस येणार असेल तर ही काळजी नाही, दोन्ही पिकं अॅट्राझिन पचवतात.

ग्लायफोसेट लाल मातीत इतकं घट्ट बसतं की मातीतून पिकाला जवळपास मिळतच नाही. पण ते स्फुरदाच्याच जागा धरतं. स्फुरदाचा मोठा डोस टाकल्यावर थोडं सुटू शकतं, एवढं लक्षात असलेलं बरं.

कोल्हापूरकडचा यूट्यूबवरचा सल्ला तिथल्या मातीसाठी खराही असेल. तो नदीकाठच्या मळीच्या रानासाठी दिलेला असतो आणि आपण तो खानापूरच्या मुरमाड माळावर लावतो, तेव्हा गडबड होते. रयत संपर्क केंद्रात माती द्यायला कुणी कंटाळू नये. सामूचा आकडा खताइतकाच तणनाशकासाठी कामाचा आहे.

पाऊस कमी, शिल्लक जास्त

२०२३ सारखं दुष्काळी वर्ष आलं की पुढच्या हंगामाच्या तक्रारी वाढणारच. फवारणीनंतर महिनाभर माती कोरडी राहिली तर त्या महिन्यात घड्याळ जवळजवळ बंद पडलेलं असतं. डब्यावरचे दिवस मोजू नका, ओलीचे दिवस मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये वरची माती मुठीत दाबली की गोळा होईल इतकी ओली किती दिवस होती, हे आठवलं तरी पुरेसा अंदाज येतो. शंभरातले चाळीसच दिवस ओलीचे असतील, तर इमेझेथापायरच्या वरच्या गणितात १०० च्या जागी ४० धरावं.

खानापूरकडे उलटी अडचण. फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला तर औषध लोटाबरोबर ओढ्याला जातं. तण जोमानं येतं, म्हणून शेतकरी पुन्हा मारतो. तिथे औषध मोडण्याआधीच वाहून गेलेलं असतं आणि खालच्या नाल्यात कुणाच्या तरी गुरांच्या पाण्यात पोचतं.

"दोनदा नांगरलं तर जाईल ना?"

पातळ होईल, जाणार नाही. वरच्या पाच सेंटिमीटरमधलं औषध २० सेंटिमीटरपर्यंत मिसळलं तर ते चौथाई तीव्रतेचं होतं, आणि नाजूक पीक वाचवायला तेवढंही पुष्कळदा पुरतं. पण खोल पलटी नांगरानं सगळं खाली गाडू नये. २० सेंटिमीटरच्या खाली जिवाणू, हवा आणि सेंद्रिय भाग तिन्ही कमी असतात, तिथे औषध निवांत पडून राहतं आणि मूळ खाली गेलं की भेटतं. कुळवाच्या दोन आडव्या-उभ्या पाळ्या, मध्ये एक पाणी, आठवडाभर वाफसा. यानं ओल, हवा आणि ऊब तिन्ही मिळतात.

"भरपूर पाणी पाजलं तर?"

तुंबवलं तर हवा संपते, आणि अॅट्राझिनसारखी औषधं हवा नसलेल्या मातीत हळू मोडतात. शिवाय झिरपून विहिरीला जातात. अॅट्राझिन युरोपात २००३-०४ पासून बंद झालं ते मुख्यतः भूजलात ते आणि त्याचे तुकडे सापडत राहिले म्हणून. वाफशाचं हलकं पाणी काम करतं, पाटाचं पाणी सोडून रान बुडवल्यानं नुकसानच.

"शेणखत घातलं की सगळं ठीक?"

चांगलं कुजलेलं शेणखत दोन कामं करतं: औषधाला धरून पिकापासून दूर ठेवतं आणि जिवाणूंना खाऊ देतं. उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवलेल्या रानातही हेच घडतं. मात्र पाचटावर उगवणीपूर्व तणनाशक मारलं तर बरंचसं पाचटावरच अडकतं, मातीपर्यंत पोचत नाही, आणि तण आलं की दोष औषधाला जातो. अशा रानात उगवणीपूर्व औषधाचा हट्ट सोडावा.

खानापूरच्या आंबट रानात चुना टाकायला सांगतात, ते योग्यच आहे. पण चुन्यानं सामू वर गेला की घट्ट बसलेलं इमेझेथापायर सुटतं. सुटलेलं औषध जिवाणू खातील, पण आधी पिकाला लागेल. म्हणून चुना उन्हाळ्यात टाकावा, कोबी किंवा बटाट्याच्या लावणीच्या तोंडावर नको.

"तुटलं म्हणजे निर्धोक झालं?"

नेहमी नाही. ग्लायफोसेटपासून एएमपीए नावाचा तुकडा बनतो, तो मूळ औषधापेक्षा जास्त दिवस राहतो. अॅट्राझिनचे काही तुकडे पाण्यात सहज झिरपतात आणि त्यांच्यात तण मारायची थोडी ताकद शिल्लक असते. काही तुकडे मात्र अगदी निरुपद्रवी. पिकाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न वेगळे ठेवावेत. पीक वाचलं म्हणून विहीर स्वच्छ आहे असं होत नाही.

"जमीन मेली" ही तक्रार या अर्थानं बहुतेक वेळा खरी नसते. शिफारशीच्या मात्रेत जिवाणूंची एकूण संख्या काही आठवडे हलते आणि पुन्हा जागेवर येते. पण वर्षातून तीन-तीनदा तणनाशक, सेंद्रिय खत शून्य, पाचट पेटवलेलं, अशा रानात औषध मोडणारी फौजच रोडावते आणि तेच औषध जास्त दिवस टिकतं. तक्रार तणनाशकाची नाही, उपाशी मातीची आहे.

"पूर्वी हेच औषध दोन महिने तण येऊ देत नव्हतं"

उसाच्या फडात वर्षानुवर्षं अॅट्राझिन मारणाऱ्यांची ही ओरड आहे. औषध बनावट असू शकतं, बाजारात तसला माल फिरतो हे खरं. पण दुसरं कारणही आहे. त्याच मातीत तेच औषध पुन्हा पुन्हा पडलं की त्याच्यावर जगणारे जिवाणू वाढतात. १९९० च्या दशकात अॅट्राझिनमधला नत्र वापरून वाढणारे जिवाणू सापडले आणि त्याच्या रेणूतला क्लोरीन काढून टाकणारं जनुकही ओळखलं गेलं. अशा रानात अॅट्राझिन दोन महिन्यांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतं. उपाय मात्रा वाढवण्यात नाही, त्यानं फौजेला आणखी खाऊच मिळतो. एक-दोन हंगाम वेगळ्या गटाचं औषध किंवा कोळपणी, हाच मार्ग. लव्हाळ्यासाठी तर अॅट्राझिनवर विसंबायचं कारणच नाही, त्याला एकरी ३६ ग्रॅम हॅलोसल्फ्युरॉन आहे.

जमीन दोषी की पंप?

शिल्लक औषधाचं नुकसान पट्ट्यांत दिसतं: बांधालगत, वळणावर, पंप भरायला थांबलेल्या जागी. बुरशी किंवा पाणी साचल्यानं होणारं नुकसान ठिगळांसारखं, सखल भागात दिसतं. लक्षणंही वेगळी. अॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिनमध्ये रोप नीट उगवतं, मग जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. इमेझेथापायर, क्लोरीम्युरॉनमध्ये शेंडा थांबतो, नवीन पान पिवळं किंवा जांभळट, मुळांना बाटली धुवायच्या ब्रशसारखे आखूड फाटे. पेंडीमेथालिनमध्ये मुळाची टोकं सुजून बोथट होतात.

पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटला, शेंडा दोरीसारखा झाला, तर ते २,४-डी. आणि ते जमिनीतून क्वचितच येतं, कारण दहा दिवसांत निम्मं होतं. ते येतं शेजारच्या उसावर मारलेल्या फवाऱ्यातून किंवा न धुतलेल्या पंपातून. त्याचं एस्टर रूप उन्हात वाफ होऊन अथणीकडची द्राक्षं, निपाणीची तंबाखू, टोमॅटो, कापूस यांच्यावर जातं. वारं असताना आणि उन्हाच्या कडाक्यात ते मारू नये, जवळ नाजूक पीक असेल तर त्याचं अमाइन रूप घ्यावं. पंप धुताना एकदा साधं पाणी, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून, मग दोनदा साधं पाणी. नोझल आणि गाळणी काढून वेगळी घासायची, औषध जास्त तिथेच अडकतं. जमत असेल तर तणनाशकाला पंपच वेगळा ठेवावा.

पेरण्याआधी कुंडीत बघा

प्रयोगशाळेत अवशेष तपासणं महाग आणि उशिराचं काम. पण बी हेच उत्तम यंत्र आहे.

रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती घ्या, एकत्र कालवा. बांधालगतचा पट्टा वेगळा घ्या, तो मिसळला तर चूक लपते. तुलनेसाठी त्याच प्रकारची, कधीच फवारलेली नसलेली माती हवी, बांधावरची किंवा परसातली. उन्हात वाळवू नका, पिशवीत आठवडाभर ठेवू नका, दोन-तीन दिवसांत वापरा. बुडाला भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांत भरा, प्रत्येक मातीचे तीन ग्लास, प्रत्येकात दहा बिया.

बी कोणतं? जे पीक घ्यायचं ते तर टाकाच. शिवाय इमेझेथापायरसाठी मोहरी किंवा बीट, अॅट्राझिन-मेट्रिब्युझिनसाठी काकडी किंवा मोहरी, पेंडीमेथालिनसाठी ज्वारी (तिची मुळं धुऊन मोजायची), मेटसल्फ्युरॉनसाठी मसूरच. ग्लास उन्हात ठेवा, सावलीत फिकटलेली रोपं काहीच सांगत नाहीत.

घाई करू नये. अॅट्राझिनमध्ये रोप बियातल्या शिदोरीवर आठ-दहा दिवस मजेत वाढतं आणि खरी पानं आल्यावर पडतं. तीन आठवडे थांबा. एक जादा ग्लास फवारलेल्या मातीचा घेऊन त्यात चमचाभर सक्रिय कोळशाची पूड कालवा, तो औषध शोषून घेतो. (चुलीतला साधा कोळसा त्या ताकदीचा नाही.) कोळशाच्या ग्लासातली रोपं चांगली आणि बिनकोळशाची खुरटली, तर दोष शिल्लक औषधाचाच. दोन्ही खुरटली तर क्षार, बुरशी किंवा बियाण्याकडे बघा.

शिल्लक निघाली तर त्या रानात ते औषध पचवणारं पीक घ्या: इमेझेथापायरनंतर हरभरा, अॅट्राझिननंतर ज्वारी. कोबी, बटाटा किंवा मसूर शेजारच्या रानात हलवा. हलवायला दुसरं रान नसेल तर कुळवणी, वाफशाचं पाणी, एकरी चार-पाच गाड्या कुजलेलं शेणखत, आणि तीन आठवड्यांनी ग्लास पुन्हा भरा. तणनाशक मोडणारी जिवाणूंची बाटली कुणी विकायला आला तर आधी याच ग्लासांत तिची परीक्षा घ्या: एका ग्लासात घालून, एकात न घालता.